ट्यूनाच्या डब्यावरचा डॉल्फिन : "पण कोण बघितलंय?"

वैशाली_अनगोळ | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण घरात चार दिवस गाजतोय.

थोरली पोहायच्या स्पर्धांना जाते. तिच्या सरांनी आठवड्यातून दोन-तीनदा मासे द्या म्हणून सांगितलंय. आमच्याकडे सकाळी सातच्या आत डबा भरायचा असतो, त्या वेळी ताजे मासे कुठले? म्हणून टिळकवाडीतल्या एका दुकानातून ट्यूनाचा डबा आणला. झाकण ओढून उघडलं आणि तेल निथळायला गाळणीत ओतलं. तेवढ्यात धाकट्यानं रिकामा डबा उचलला. कडेला गोलात उडी मारणारा डॉल्फिन छापलाय. "आई, ह्यात डॉल्फिन घातलाय काय?"

नाही रे, ह्यात डॉल्फिनला मारलेलं नाही असं लिहिलंय, म्हटलं. त्यावर पोरगं माझ्याकडं बघून म्हणतंय, "कोण बघितलंय?"

दिवाळीच्या सुट्टीत देवबागला होडीतून आम्ही डॉल्फिन बघून आलो होतो. अगदी हाताच्या अंतरावर दोन पाठी वर आल्या आणि फुस्स करून श्वास सोडून गेल्या. ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. तेव्हापासून तो डब्याला शिवत नाही आणि बहिणीलाही खाऊ देत नाही. मला खरंच उत्तर हवंय. हे चिन्ह कोण देतं, कशावरून देतं आणि कोण तपासतं? इथं मासळीच्या धंद्यातले, कायद्यातले बरेच लोक आहेत, म्हणून विचारतेय.

वेंगुर्ल्याचा_बाबू | रविवार, रात्री १०.०५

वैशालीताई, तुमच्या लेकानं नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी बारा वर्षं निर्यातीच्या मासळी कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होतो, आता वडगावात राहतो. त्या चिन्हाचा सगळा डोलारा "कोण बघितलंय" ह्या एकाच गोष्टीवर उभा आहे.

आधी मुळात ट्यूना आणि डॉल्फिन एकत्र आले कसे ते सांगतो. ट्यूना म्हणजे आपले कुपा आणि गेदर ह्यांचं गोत. त्यात पिवळ्या परांचा कुपा असतो, इंग्रजीत यलोफिन. मेक्सिकोपासून खाली पेरूपर्यंत पॅसिफिकचा जो पूर्वेकडचा उष्ण पट्टा आहे, तिथं ह्या मोठ्या कुप्यांचे थवे ठिपकेवाल्या आणि गिरकी घेणाऱ्या डॉल्फिनच्या कळपाखालून पोहतात. डॉल्फिन श्वासाला वर येतो, म्हणजे लांबून दिसतो. कुपा खाली असतो, दिसत नाही. मच्छीमारांना डॉल्फिन दिसला की खाली कुपा आहे हे कळायचं.

पूर्वी ते लोक गळानं कुपा धरायचे. १९५० च्या दशकाच्या शेवटाला नायलॉनची जाळी आणि ती ओढायची यंत्रं आली आणि पर्ससीन सुरू झालं. आपल्या मालवण-रत्नागिरीकडं ज्यावरून रापणवाल्यांची भांडणं चालतात तेच पर्ससीन, पण मैलभर लांबीचं. वेगवान होड्या सोडून डॉल्फिनचा कळप पळवून पळवून दमवायचा, एका जागी आणायचा, भोवती जाळं टाकायचं आणि पिशवीची नाडी ओढावी तशी तळाची दोरी ओढून घ्यायची. आत कुपा आणि डॉल्फिन दोन्ही. डॉल्फिन मासा नाही, त्याला हवा लागते. जाळ्याच्या घडीत अडकला की बुडूनच मरतो. अशा पद्धतीनं त्या एका पट्ट्यात आजवर साठ लाखांहून जास्त डॉल्फिन मेले असा अंदाज आहे.

उद्या पुढचं लिहितो, पहाटे उठायचंय.

निपाणीकर | रविवार, रात्री १०.३०

साठ लाख?? आणि त्यांना डॉल्फिन नकोच होते ना? विकत पण नव्हते?

वेंगुर्ल्याचा_बाबू | सोमवार, सकाळी ६.१५

नाही विकत. मेलेले परत समुद्रात टाकायचे. म्हणूनच ते जास्त वाईट वाटतं.

एक मात्र सांगायला हवं. त्याच बोटींवरच्या माणसांनी सुटकेच्या युक्त्याही काढल्या. डॉल्फिन जाळ्यात आले की बोट उलटी चालवायची. मग जाळं लांबट होतं, पलीकडच्या टोकाची बुचं पाण्याखाली जातात आणि डॉल्फिन त्यावरून बाहेर निसटतात. त्या टोकाला बारीक आसाचं जाळं शिवतात, म्हणजे त्यांची चोच अडकत नाही. शिकलेली माणसं पाण्यात उतरून राहिलेल्यांना हातानं बाहेर ढकलतात. हे नीट केलं तर बहुतेक सगळे जिवंत सुटतात. १९८६ साली त्या पट्ट्यात एका वर्षात सव्वा लाखाहून अधिक डॉल्फिन मेले होते. १९९३ पर्यंत तो आकडा चार हजारांच्या आत आला. अलीकडं वर्षाला दीड हजाराच्याही आत आहे.

खानापूरची_गिरण | सोमवार, सकाळी ७.४०

बाबूदादा, छान सांगितलात. माझा प्रश्न धंद्यातला आहे. आमची भाताची गिरण. बेळगाव बासमतीचं पोतं आणि दुसऱ्या बारीक तांदळाचं पोतं एकाच दिवशी आलं आणि कामगारानं मधे यंत्र झाडून घेतलं नाही, तर पुढं कुठलाही पंडित ते दाणे वेगळे करू शकत नाही. वासाचा थोडा फरक कळेल, पण भांडायला पुरावा नाही. एका व्यापाऱ्यानं आम्हाला असाच मिसळलेला माल चांगला म्हणून गळ्यात मारला होता. गिऱ्हाईक तुटलं ते आमचं.

मग समुद्रावर हे कसं करतात? एकाच बोटीनं सकाळी डॉल्फिनवर जाळं टाकलं आणि दुपारी नुसत्या माशांवर, तर बर्फात गेल्यावर मासा मासाच.

वेंगुर्ल्याचा_बाबू | सोमवार, दुपारी १.२०

गिरणवाले, ह्याच एका ठिकाणी सगळा खेळ आहे.

त्या पट्ट्यात मोठ्या बोटींसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, १९९८ सालचा. ज्या पर्ससीन बोटीची माल भरायची क्षमता ३६३ टनांपेक्षा जास्त, तिच्यावर प्रत्येक फेरीला निरीक्षक बसलाच पाहिजे. कप्तानाचा माणूस नव्हे, बाहेरचा. जाळं टाकलं की तो लिहितो : डॉल्फिनवर टाकलं की नाही, किती मेले, किती जखमी. माल बोटीच्या कुठल्या खणात गेला तेही लिहितो. दोन वेगळे फॉर्म असतात. "अ" फॉर्मवर डॉल्फिन-सुरक्षित माल, "ब" फॉर्मवर बाकीचा. खण वेगळे, बंदरावर उतरवताना वेगळा, कारखान्यात साठवताना वेगळा. फॉर्मचा क्रमांक मालाबरोबर चालतो. एकदा एका खणात दोन्ही मिसळले, की अख्खा खण "ब".

माझ्या कारखान्यात डॉल्फिनचा प्रश्न नव्हता, पण युरोपला जाणाऱ्या मालाला २०१० पासून पकड-दाखला लागतो. कुठल्या बोटीनं, कुठल्या पाण्यात, कधी धरलं ते त्यावर असतं. रात्री दोनला ट्रक यायचा, सोळा बोटींचे क्रेट एकावर एक, पाणी गळतंय, सगळ्यांना झोप आलेली. अशा वेळी क्रेटवरची चिठ्ठी भिजून गळून पडली तर ती परत कुठल्या क्रेटला लावायची? एका कारखान्यात मी हे बघितलोय. सुपरवायझर अंदाजानं चिठ्ठी लावून मोकळा झाला. मी क्रेट बाजूला काढून ठेवलो, त्यावरून माझं आणि त्याचं वाजलं, आणि तो क्रेट शेवटी गावातल्या बाजाराला गेला. कागद खरा असतो तो त्या रात्री दोनच्या माणसामुळं. म्हणून मला चिन्हापेक्षा फॉर्म महत्त्वाचा वाटतो.

वकील_शहापूर | सोमवार, रात्री ९.५०

बाबूंनी बोटीवरचं सांगितलं, मी कोर्टातलं सांगतो. आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्यात हा खटला सगळीकडे शिकवतात. मीही तो शिकलो आणि अजून त्यातून बाहेर आलेलो नाही. लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

अमेरिकेनं १९७२ साली सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. (आपला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा.) तरी मरणं थांबली नाहीत. मग सॅम लाबडे नावाचा एक तरुण पनामाच्या एका ट्यूना बोटीवर कामाला चढला आणि जाळ्यात तडफडणाऱ्या डॉल्फिनचं त्यानं चित्रण केलं. १९८८ साली ते तिथल्या टीव्हीवर दाखवलं गेलं. शाळकरी मुलांनी ट्यूना खाणं सोडलं, कंपन्यांना पत्रं लिहिली. १९९० च्या एप्रिलमध्ये हाइन्झ कंपनीच्या स्टारकिस्टनं जाहीर केलं की डॉल्फिनला वेढून धरलेला ट्यूना आम्ही घेणार नाही. बाकीच्या मोठ्या कंपन्या मागोमाग आल्या. त्याच वर्षी "डॉल्फिन-सेफ" हे शब्द डब्यावर कधी छापता येतील ह्याचा कायदा झाला. वैशालीताई, तुमचा धाकटा त्या मुलांच्या रांगेतलाच.

लक्षात घ्या, हे चिन्ह लावायची सक्ती नाही. चिन्ह न लावताही ट्यूना विकता येतो. पण लावलंत तर अटी पाळाव्या लागतात. त्या पूर्व पॅसिफिकच्या पट्ट्यातल्या मोठ्या पर्ससीन बोटीसाठी अट अशी : अख्ख्या फेरीत एकदाही डॉल्फिनवर मुद्दाम जाळं टाकलेलं नसावं, आणि जाळं टाकायच्या ज्या खेपेला तो मासा धरला तीत एकही डॉल्फिन मेलेला किंवा गंभीर जखमी झालेला नसावा.

इथं मेक्सिको भडकला. त्यांचं म्हणणं असं की आमच्या बोटी डॉल्फिनवर जाळं टाकतात खऱ्या, पण आंतरराष्ट्रीय करार पाळून, प्रत्येक बोटीवर निरीक्षक ठेवून, डॉल्फिन सोडून देऊन. त्या करारानुसार ज्या खेपेत एकही डॉल्फिन मेला वा गंभीर जखमी झाला नाही तो मासा "सुरक्षित". करारात वर्षाला पाच हजारांची मर्यादा आहे. ती बोटींमध्ये वाटलेली असते, आणि वाटा संपला की त्या बोटीला वर्षभर डॉल्फिनवर जाळं टाकता येत नाही. मग आमच्या मालाला चिन्ह का नाही?

पहिलं भांडण गॅटमध्ये, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या आधीच्या व्यापार करारात, १९९१ साली. तेव्हा आयातबंदीवर निकाल मेक्सिकोच्या बाजूनं लागला, पण तो स्वीकारला गेला नाही. दुसरं भांडण जागतिक व्यापार संघटनेत, २००८ पासून. ह्या खेपेला मेक्सिकोनं जो मुद्दा काढला तो तुमच्या मुलाचाच होता, अक्षरशः. आमच्या बोटीवर बघणारा माणूस आहे. बाकीच्या समुद्रांतून येणाऱ्या ट्यूनाला तुम्ही नुसत्या कप्तानाच्या सहीवर चिन्ह देता. तिथं कोण बघितलंय?

२०१२ साली अपील मंडळानं हे मान्य केलं. डॉल्फिन वाचवायचा हेतू योग्य, पण एका समुद्राला कडक आणि दुसऱ्याला सैल अशी मोजपट्टी चालणार नाही. अमेरिकेनं २०१३ साली नियम बदलले, ते पुरेसे ठरले नाहीत. २०१६ साली पुन्हा बदलले. आता कुठल्याही समुद्रातला ट्यूना असो, कप्तानाला लिहून द्यावं लागतं की डॉल्फिनवर जाळं टाकलं नाही आणि डॉल्फिन मेला वा गंभीर जखमी झाला नाही. त्यासाठी कप्तानाला प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि जिथं धोका जास्त तिथं निरीक्षकाची सहीही लागते. दरम्यान २०१७ साली लवादानं मेक्सिकोला वर्षाला १६ कोटी ३२ लाख डॉलरच्या व्यापारी सवलती रोखायची मुभा दिली होती. पण २०१८ च्या डिसेंबरात अपील मंडळानं नवे नियम रास्त ठरवले आणि प्रकरण मिटलं. दहा वर्षं गेली. माझ्या मते ह्यात मेक्सिको हरला तरी त्याचं म्हणणं जिंकलं, कारण बाकीच्या समुद्रांतलं बघणं त्यामुळंच कडक झालं.

निपाणीकर | सोमवार, रात्री १०.१५

वाचनखूण साठवली. वकीलसाहेब, असंच लिहीत जावा.

चंदगडी | मंगळवार, सकाळी ११.०५

सगळं वाचलं. मनापासून एक सांगतो, राग मानू नका.

हे नियम कागदावर चांगले दिसतात, पण भोगतो कोण? माझ्या मावसभावाची रत्नागिरीकडं ट्रॉलर आहे. २०१९ पासून अमेरिकेनं भारतातली समुद्रात धरलेली कोळंबी बंद केलीय, का तर जाळ्यात कासवासाठी सुटकेची चौकट नाही म्हणून. तळ्यातली कोळंबी चालते, समुद्रातली नाही. ह्याच्या मालाचा भाव पडला. बँकेचा हप्ता काही पडला नाही. त्यानं आयुष्यात मुद्दाम एक कासव मारलेलं नाही, आमच्याकडं कासवाला देव मानतात. श्रीमंत देश आधी स्वतः साठ लाख डॉल्फिन मारणार, मग चिन्हं काढणार, आणि मग दंड आपल्या माणसाला. हा न्याय कुठला?

वकील_शहापूर | मंगळवार, दुपारी २.३०

चंदगडी, राग कसला? तुमचं दुखणं खरं आहे. ह्याच कासवाच्या नियमावर १९९६ साली भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले होते. १९९८ साली निकाल आपल्या बाजूनं लागला, पण तो नियम राबवायच्या पद्धतीवर. काही देशांना वेळ आणि मदत दिली, आम्हाला नाही, असं म्हणणं होतं. कासव वाचवायला व्यापार अडवता येत नाही, असं मंडळानं म्हटलं नाही. त्यामुळं नियम सुधारून उभा राहिला आणि आजही आहे.

तुमच्या मावसभावाच्या बाबतीत मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं आपल्या जाळ्यांना चालेल अशी सुटकेची चौकट कधीच बनवून ठेवलीय. ती प्रत्येक ट्रॉलरला वेळेत बसवून द्यायची आणि बसवलीय हे बघायचं, एवढंच राहिलं. ते काम सरकारी यंत्रणेचं होतं, एकट्या तांडेलाचं नव्हे. आणि डॉल्फिनच्या बाबतीतही तेच दार वाजतंय. अमेरिकेचा नियम आता फक्त ट्यूनापुरता नाही. ज्या मासेमारीत सागरी सस्तन प्राणी मरतात, ती त्यांच्या तोडीचे नियम पाळत नसेल तर तो माल १ जानेवारी २०२६ पासून अडवायचा असं ठरलंय. म्हणजे कोकणातल्या मालाचाही प्रश्न आहे.

कॅम्पातली_मावशी | मंगळवार, रात्री ८.४५

माझा भाचा टाईप करून देतोय, मी सांगतोय.

आमचा कॅम्पातल्या फिश मार्केटात पंचवीस वर्षं गाळा होता. माल वेंगुर्ला, मालवण, कारवारहून यायचा, चोर्ला आणि आंबोली घाटानं. गेदर आला की इथले लोक नाक मुरडायचे, रगत लई, उष्ण पडतो म्हणायचे. अहो, तिरफळ घालून करा की! चिंच नको, कोकम घाला. पाण्यात मीठ टाकून अर्धा तास तुकडे ठेवले की रगत निघून जातं. बापू लोकांस्नी सुरमईच पायजे.

ते असू दे. मी सांगतो ते डॉल्फिनचं. माझ्या माहेरच्यांची मालवणाजवळ होडी आहे. जाळ्यात एकदा डॉल्फिन अडकला. पिल्लू बाहेर घिरट्या घालत होतं. माझा भाऊ कोयता घेऊन जाळं कापला आणि सोडला. जाळं नवं होतं, कर्जाचं. घरी येऊन जेवला नाही, जाळ्यासाठी का डॉल्फिनसाठी ते काय मी विचारलो नाही. तवा कायबी भरपाई नव्हती. आता महाराष्ट्र सरकार देतंय, पंचवीस हजारापर्यंत, जाळं कापून असला प्राणी सोडला तर. पण फोटो पायजे. सोडतानाचा फोटो. एका हातात कोयता, होडी हलतीय, आणि फोटो कोण काढायचा? आता पोरं मोबाईल घेऊन जातात म्हणून होतंय.

तुमचा पोरगा शाणा हाय. त्याला रागवू नका.

वैशाली_अनगोळ | मंगळवार, रात्री ९.२०

मावशी, वाचताना डोळ्यात पाणी आलं. त्याला तुमच्या भावाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, पिल्लाला आई सापडली ना? सापडली म्हटलं.

वेंगुर्ल्याचा_बाबू | मंगळवार, रात्री १०.४०

मावशींनी सांगितलेली भरपाई डिसेंबर २०१८ पासूनची. डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला प्राणी आहे, त्याला मारलं तर गुन्हा. पण नुसत्या गुन्ह्याच्या भीतीनं तांडेल काय करणार? मेलेला डॉल्फिन गुपचूप सोडून देणार आणि कोणाला सांगणार नाही. भरपाई आली आणि फोटो येऊ लागले, म्हणजे पहिल्यांदा मोजदाद सुरू झाली. जिथं सांगितल्याचा तोटा होतो तिथं कोणी सांगत नाही, हे मी धंद्यात पुरेपूर बघितलोय.

आता ताईंच्या डब्याकडं येतो, कारण मला वाटतं चिन्हाबद्दल सगळ्यात मोठी गैरसमजूत इथं आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या डब्यावर अमेरिकेचा कायदा लागू नाही. गोलातल्या उडी मारणाऱ्या डॉल्फिनची चिन्हं तीन तरी आहेत : अमेरिकन सरकारचं, त्या आंतरराष्ट्रीय कराराचं आणि अर्थ आयलंड इन्स्टिट्यूट ह्या संस्थेचं. तिन्हींच्या अटी वेगळ्या, पहिल्या दोहोंतला फरक वकीलसाहेबांनी सांगितलाच. अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक असतो तो खाण्याच्या सुरक्षिततेचा, डॉल्फिनशी त्याचा संबंध नाही.

आणि बहुतेक स्वस्त डब्यांत पिवळ्या परांचा कुपा नसतोच, स्किपजॅक असतो, छोटा. तो पश्चिम पॅसिफिकमधला किंवा आपल्या हिंदी महासागरातला. तिथं डॉल्फिनखाली ट्यूना अशी जोडी त्या पूर्व पट्ट्यासारखी नाही, त्यामुळं तिथल्या पर्ससीनवाल्याला "डॉल्फिनवर जाळं टाकलं नाही" असं लिहून देणं सोपं जातं. हिंदी महासागराच्या ट्यूना आयोगानं २०१३ सालीच डॉल्फिन-व्हेलभोवती मुद्दाम पर्ससीन टाकायला बंदी केलीय. पण म्हणून सगळं ठीक आहे असं नाही. पर्ससीनवाले समुद्रात तराफे सोडतात. सावलीला मासे जमतात, मग त्याभोवती जाळं. त्यात डॉल्फिन कमी, पण शार्क, कासवं आणि ट्यूनाची कोवळी पिल्लं बरीच येतात. डब्यावर डॉल्फिन आहे, शार्कचं चित्र कोणी छापत नाही.

आणि आपल्या महासागराचं खरं दुखणं पर्ससीन नव्हेच, ते तरंगतं गिलनेट आहे. रात्री पाण्यात भिंतीसारखं उभं असतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५० ते २०१८ ह्या काळात हिंदी महासागरातल्या ट्यूनाच्या गिलनेटांत सुमारे ४१ लाख छोटे डॉल्फिन-व्हेल अडकले असा अंदाज मांडलाय. त्या जाळ्यांवर निरीक्षक नाही, टीव्हीवर चित्रण नाही, म्हणून त्याची चर्चाही नाही. गरीब माणसांची जाळी आहेत, बंद करा म्हणणं सोपं नाही. पण जाळं पृष्ठभागाच्या दोन मीटर खाली लावलं तर डॉल्फिन कमी अडकतात असं दिसलंय, आणि मासा फारसा कमी होत नाही. असलं काहीतरी हवं.

निर्धास्त खायचा असेल तर गळानं धरलेला. आपलं लक्षद्वीप त्याच्यासाठीच प्रसिद्ध. मिनिकॉयचे लोक जिवंत छोटे मासे पाण्यात फेकतात आणि गळाच्या काठीनं एकेक ट्यूना उचलून बोटीत आपटतात. गळाला काटासुद्धा नसतो, म्हणजे मासा आपोआप सुटून पडतो. मालदीवचाही तसाच. तिथं डॉल्फिनचा प्रश्नच येत नाही.

ताई, एक करा. डब्यावर आयातदाराचा पत्ता असतोच. त्यांना विचारा : मासा कुठल्या समुद्रातला, कुठल्या जाळ्यानं धरला, बोटीवर निरीक्षक होता का. तीनच प्रश्न.

खानापूरची_गिरण | बुधवार, सकाळी ७.१०

बाबूदादा, तो काट्याविना गळ खरंच असतो? मासा सुटून पडतो म्हणजे आधी धरायचा कसा?

वेंगुर्ल्याचा_बाबू | बुधवार, सकाळी ७.३०

दोरी ताठ असेपर्यंत सुटत नाही. डोक्यावरून मागं नेली की ढिली पडते, मासा फळीवर. हाताला सवय लागते.

वैशाली_अनगोळ | पुढचा रविवार, सायंकाळी ६.५५

उशिरा लिहितेय, उत्तराची वाट बघत होते.

डबा नीट वाचला. भिंगानं वाचावा लागला. स्किपजॅक, थायलंडमध्ये डबाबंद, आयातदार मुंबईचा. जाळ्याचा कुठंही उल्लेख नाही. बाबूदादांचे तीन प्रश्न ईमेलनं पाठवले. मुलाचा प्रश्न खाली जसाच्या तसा लिहिला, त्याच्याच शब्दांत, कारण त्यानं तसं करायला लावलं.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. मला वाटलं नव्हतं येईल. मासा क्षेत्र ७१ मधला, म्हणजे पश्चिम-मध्य पॅसिफिक. पर्ससीननं धरलेला. निरीक्षकाबद्दल लिहिलंय की बोटीवर होता. बोटीचं नाव मात्र दिलं नाही, ते मी पुन्हा विचारलंय.

बाबूदादा, हे खरं असेल काय? त्या भागात निरीक्षक असतो?

वेंगुर्ल्याचा_बाबू | रविवार, सायंकाळी ७.४०

असू शकतं. पश्चिम आणि मध्य पॅसिफिकच्या आयोगानं उष्ण पट्ट्यातल्या पर्ससीन बोटींवर २०१० पासून प्रत्येक फेरीला निरीक्षक सक्तीचा केलाय. कोविडच्या काळात ते थांबवलं होतं, म्हणून डब्यावरची तारीख बघा. तिथले निरीक्षक बरेचसे पॅसिफिकच्या छोट्या बेटांवरची तरुण पोरं असतात. महिनोन् महिने घर सोडून, परक्या भाषेच्या खलाशांत एकटा, आणि काम काय तर त्याच खलाशांच्या चुका लिहायच्या. काही निरीक्षक समुद्रात बेपत्ता झालेत. २०१६ साली त्या आयोगाला निरीक्षकांच्या सुरक्षेसाठी वेगळा नियम करावा लागला. निरीक्षक पाण्यात पडला किंवा दिसेनासा झाला तर मासेमारी ताबडतोब थांबवून शोध घ्यायचा असा.

डब्यावर त्या माणसाचं नाव नसतं.

कॅम्पातली_मावशी | रविवार, रात्री ८.१५

देवा, कुणाची पोरं असतील ती.

वैशाली_अनगोळ | रविवार, रात्री ९.००

हे त्याला वाचून दाखवलं. खूप वेळ गप्प होता. मग विचारलं, "आई, तो दादा बोटीवर झोपतो कुठं? त्याला जेवायला कोण देतंय?"

मला माहीत नाही म्हटलं, बाबूकाकांना विचारते.

वेंगुर्ल्याचा_बाबू | रविवार, रात्री ९.२५

त्याला सांगा, नियमातच लिहिलंय. बोटीवरच्या अधिकाऱ्याला जशी खोली आणि जसं जेवण, तसंच निरीक्षकाला द्यायचं. साध्या खलाशाच्या फळीवर नाही.